जीपला नाकं किती?

मे महिना सरत आला की जुन्या जीपांवर काम करणाऱ्या गॅरेजांत स्नॉर्केलची चौकशी सुरू होते. बॉनेटच्या कडेनं बाहेर पडून काचेच्या चौकटीला लगटून टपापर्यंत गेलेला तो काळा पाइप. तो दिसला की ही गाडी पाण्यातून जाणारी, असं बघणारा समजतो. पैसे मोजून बसवून घेतलेला मालक तर समजतोच. पुष्कळदा दोघंही फसलेले असतात. काही स्नॉर्केल आत कशालाच नीट जोडलेले नसतात, आणि जे जोडलेले असतात तेही गाडीच्या एकाच नाकाची सोय करतात.

जुन्या फोर-बाय-फोर गाडीला नाकं बरीच असतात. इंजिन हवा ओढतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुढचा आणि मागचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, इंधनाची टाकी, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, क्रँककेस, पेट्रोल गाडी असेल तर डेल्को (प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्यूटर), ही सगळी मंडळीही आपापल्या परीनं श्वास घेत असतात. तापली की आतली हवा फुगून बाहेर पडते, गार झाली की बाहेरची आत ओढली जाते. रस्त्यावर ती हवा असते. नदीत त्याच भोकातून पाणी येतं. म्हणून जुनी जीप खोल पाण्यासाठी तयार करायची तर तिचं एकेक नाक शोधून पाण्याच्या वर न्यावं लागतं. सगळं लिंपून डबाबंद करून भागत नाही. हे उमगायला अमेरिकी लष्करालाही एक महायुद्ध जावं लागलं.

त्या युद्धात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा गाड्या बोटीच्या फळीवरून थेट समुद्रात उतरवायच्या होत्या, आणि पाणी कुठे किती असेल याचा भरवसा नव्हता. त्यासाठी जीपच्या इंजिनाचा हवेचा पाइप आणि सायलेन्सरचा पाइप, दोन्ही उंच नेलेले होते. बाकी ठिकाणी लिंपण. ग्रीस, चुना आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे एकत्र मळून केलेला चिकट लगदा कॉइलवर, प्लगांवर, सांध्यांवर, दिसेल त्या भोकावर थापायचा. अ‍ॅस्बेस्टॉस नुसत्या हातांनी मळायचा तो काळ होता. हे लिंपण किनाऱ्यापर्यंत पोचवायचं, पण तिथून पुढे ते अडचणीचंच. बुजवलेल्या वाटा मोकळ्या केल्याशिवाय गाडी लांब हाकायची सोय नव्हती, म्हणून कोरड्या जमिनीवर आल्यावर ते खरवडून काढायचं काम मागे लागे.

१९५० मध्ये लष्करासाठी एम ३८ ही पुढची जीप आली तेव्हा हा प्रकार मुळातून बदलला. वायरिंग २४ व्होल्टचं आणि पाणबंद झालं. डेल्को बंद डब्यात गेला, पण त्या डब्यालाही हवा खेळती ठेवणारी नळी दिली. गिअरबॉक्स, टाकी, मास्टर सिलिंडर यांच्या श्वासाच्या नळ्या एकत्र करून थेट एअर क्लीनरपर्यंत नेल्या. म्हणजे इंजिन ज्या उंचीवरून हवा घेणार त्याच उंचीवरून बाकीचेही घेणार. त्याच सुमारास आलेला एम ३५ हा अमेरिकी लष्करी ट्रक मूळ स्थितीत ३० इंच पाण्यातून जायचा आणि खोल पाण्याचं सामान चढवलं की ७२ इंचांतून, म्हणजे पुरुषभर पाण्यातून. चाकं तीच, इंजिन तेच.

महायुद्धाच्या काळातच फोर्डनं जीपची होडीही करून पाहिली होती. जीपीए नावाची, तळाला नावेचा सांगाडा आणि मागे पंखा. काठ इतके बुटके की जरा लाट उठली की पाणी आत. लष्करानं तिचा नाद सोडला. पण बेन कार्लिन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाला अशी एक गाडी बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर दिसली आणि हिच्यातून जगप्रदक्षिणा करता येईल असं त्याच्या डोक्यात शिरलं. त्यानं १९५० मध्ये अटलांटिकमध्ये गाडी घातली आणि १९५८ मध्ये प्रदक्षिणा पुरी केलीसुद्धा. हौसेला मोल नसतं ते असं. पण त्याचा मार्ग आपला नव्हे. आपल्याला गाडी तरंगायला नको आहे. चाकं तळाला टेकलेलीच हवी आहेत. याचं कारण पुढे येईल.

आपल्याकडे महिंद्रानं मुंबईत विलीस जीपा जोडायला सुरुवात केली ती १९४७ साली. पुढे सीजे-३बी आली, डिझेल इंजिनं आली, ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली. महाराष्ट्रात गावोगाव ज्या जुन्या जीपा अजून चालतात त्या बहुतेक याच घराण्यातल्या. पण हे नागरी घराणं. एम ३८ चं शहाणपण त्याला कारखान्यातून मिळालेलं नाही. ते गॅरेजातच बसवावं लागतं.

सुरुवात मोठ्या नाकापासून, कारण तिथली चूक सगळ्यात महाग पडते. एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या आराखड्याचं २११२ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन असायचं. म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन ५२८ सीसी जागा घुसळतो. त्या पद्धतीच्या जुन्या डिझेल इंजिनात दाबाचं गुणोत्तर साधारण २२ ला १ धरलं, तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरलेली जागा भरते जेमतेम २५ मिलिलिटर. दोन मोठे चमचेसुद्धा नाहीत. हवा तेवढ्यात दडपून बसते, पाणी दडपत नाही. सिलिंडरमध्ये तीस मिलिलिटर पाणी शिरलं की वर येणारा पिस्टन वाटेत थांबतो. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असेल तर खालून वर यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. जड फ्लायव्हील तोवर मागून ढकलतच असतं. मधे सापडतो कनेक्टिंग रॉड. तो वाकतो, नाहीतर मोडून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. वाकला तर एक वेळ इंजिन पुन्हा सुरू होतं, मालक सुटलो म्हणतो, आणि वाकलेला रॉड पुढे कधीतरी हमरस्त्यावर तुटतो.

पेट्रोल इंजिनात ही जागा मोठी असते, म्हणून पाण्याचा एखादा घोट ते कधीकधी पचवतं. डिझेलला ती मुभा नाही.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पहिला नियम: सेल्फ मारायचा नाही. बंद पडताना रॉड शाबूत राहिला असेल तर तो सेल्फच्या जोरानं जातो. गाडी ओढून बाहेर काढायची, पेट्रोल असेल तर प्लग, डिझेल असेल तर नोझल किंवा हीटर प्लग उतरवायचे आणि इंजिन हातानं फिरवायचं. जुन्या जीपला पुढून हँडल लावता यायचं, त्याचा इथे खरा उपयोग. आत पाणी असेल तर भोकांतून चुळकन उडतं. ते पूर्ण थांबेपर्यंत फिरवत राहायचं. तेलही बघायचं. पांढुरकं दिसलं तर बदलल्याशिवाय चालू करायचं नाही.

आता स्नॉर्केल. हे २११२ सीसीचं इंजिन ३५०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ३७०० लिटर हवा ओढतं, सेकंदाला साठ लिटरच्या वर. पाइप अरुंद असेल तर इंजिन घुसमटतं, काळा धूर सोडतं. पण खरा घोटाळा पाइपात नसतो, सांध्यांत असतो. एअर क्लीनरचं झाकण, त्याच्यापासून इंजिनापर्यंतची रबरी नळी, जुने ढिले क्लिप, आणि क्लीनरच्या तळाला धूळ-पाणी गाळायला ठेवलेली छोटी रबरी झडप. ही झडप इतकी क्षुल्लक दिसते की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सगळं डोक्यापर्यंत वर नेलं आणि ही फाटकी राहिली तर इंजिन गुडघाभर पाण्यातच पाणी पितं. जुन्या जीपमधला तेलाचा एअर क्लीनर असेल तर त्याच्या झाकणाचा वायसरही नवा घालावा लागतो. चाळीस वर्षांचा वायसर आता काहीही धरत नाही.

सांधे नीट झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे आणि गॅरेजातून गाडी हलवण्याआधीच करायची आहे. इंजिन मंद चालू ठेवायचं आणि स्नॉर्केलचं तोंड रबराचा तुकडा चिकटवलेल्या फळीनं झाकायचं. हात लावायचा नाही, डिझेलची ओढ जबर असते. इंजिन क्षणभर घरघरून मेलं पाहिजे. आरामात चालू राहिलं तर त्याचा अर्थ ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेतं आहे, आणि नदीत तिथूनच पाणी घेईल. बसवणाऱ्यानं ही परीक्षा करायला कां-कूं केली तर पैसे देऊ नयेत.

जाता जाता: ऑस्ट्रेलियात, जिथे हा पाइप सर्वाधिक बोकाळला, तिथे त्याचा निम्मा उपयोग धुळीसाठी आहे. कच्च्या रस्त्यावर चाकांजवळची हवा धुळीनं भरलेली असते, टपाच्या उंचीवर बरीच स्वच्छ. आपल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभा पाइप आणि त्यावर पारदर्शक वाटी असते, तीही याच कामाची. त्या अर्थानं स्नॉर्केल आपल्या शेतकऱ्याला नवा नाहीच.

इंजिनानंतर मला महत्त्वाचं वाटतं ते डिफरन्शियल, कारण तिथलं नुकसान आवाज न करता होतं. लांबून चालत आलेल्या जीपच्या डिफरन्शियलमधलं तेल आणि हवा ८० अंशांपर्यंत तापलेली असू शकते. नदीचं पाणी २५ अंशांचं. लोखंडाचं ते घर पाण्यात बुडालं की आतली हवा झटक्यात गार होते आणि साधारण सोळा टक्क्यांनी आकसते. आत दोन लिटर हवा धरली तर तीनशे मिलिलिटरची पोकळी. ती भरून काढायला बाहेरून काहीतरी आत येणारच. घराच्या वर एक बोटभर ब्रीदर असतो. तो पाण्याखाली असेल तर तिथून पाणी येतं, चिखलानं बुजलेला असेल तर ऑइलसीलच्या कडेनं येतं. ऑइलसीलची धार तेल बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेली असते, पाणी आत येऊ नये म्हणून नव्हे. उलट्या दिशेनं ओढ लागली की ती उचलली जाते.

उपाय इतका स्वस्त आहे की स्नॉर्केलच्या किमतीशी तुलना केली तर हसू येतं. मूळ ब्रीदर काढायचा, त्या जागी नळी बसेल असं पितळी निप्पल घालायचं, त्याला डिझेलची चांगली रबरी नळी लावायची आणि ती चासीवरून बॉनेटखाली, फायरवॉलच्या सगळ्यात उंच जागी न्यायची. टोकाला मोटारसायकलचा छोटा फ्युएल फिल्टर लावला की धूळही जात नाही. दोनच गोष्टी सांभाळायच्या. सायलेन्सरच्या जवळून नळी न्यायची नाही, आणि डिफरन्शियल वर-खाली होतो म्हणून नळीला पुरेशी ढील ठेवायची, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती उपसून येते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या नळ्या त्याच मार्गानं. आणि पाण्यात शिरण्याआधी काठावर गाडी थोडा वेळ गार होऊ द्यायची. हे शेवटचं फुकट आहे, तरी कुणी करत नाही.

विलीस घराण्याची एक जुनी खोड म्हणजे ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्या खाली चासीवर. त्याच्या झाकणाला हवेचं भोक. गुडघ्याच्या खालच्या पाण्यातच तो बुडतो आणि ब्रेक ऑइलमध्ये पाणी मिसळतं. ब्रेक ऑइल तसंही हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही, ओलावलेलं १४० लाच उकळू शकतं. म्हणजे नदी पार केल्यावर नव्हे, त्यानंतर कधीतरी घाट उतरताना पेडल जमिनीला टेकतं आणि त्या प्रसंगाचा नदीशी संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. झाकणाला नळी लावून ती वर नेणं, किंवा एकदम सगळा मास्टर सिलिंडर फायरवॉलवर हलवणं, हे दोन मार्ग. दुसरा खर्चाचा पण कायमचा. त्याच जीपची इंधनाची टाकी चालकाच्या सीटखाली असते, तिच्या झाकणाचा श्वासही वर न्यावा लागतो.

विजेच्या बाबतीत जुनं डिझेल म्हणजे चैन आहे. पंप दांड्यानं चालतो, नोझल दाबानं उघडतात, स्पार्कची भानगड नाही. एकदा सुरू झालेलं इंजिन बॅटरीशिवायही चालत राहतं. पुष्कळ जुन्या जीपांत ते बंद करायलाही वायरची खुंटी ओढावी लागते. अल्टरनेटर पाण्याखाली गेला तरी लगेच मरत नाही. त्याला मारतो तो मागाहून आत वाळलेला चिखल. पेट्रोल जीपचा जीव मात्र डेल्कोत अडकलेला. झाकणाच्या आत नुसता दमटपणा आला तरी स्पार्क भलतीकडे उडतो आणि इंजिन ठसकत बंद पडतं. जुने मेकॅनिक डेल्कोवर रबरी हातमोजा चढवून त्याच्या बोटांतून प्लगच्या वायरी काढतात. दिसायला हास्यास्पद, पण पार होईपर्यंत काम भागवतो. झाकण सिलिकॉननं कायमचं बुजवणं वाईट, कारण मग आतली वाफ आतच. एम ३८ वाल्यांनी डेल्कोला नळी का दिली ते इथे कळतं.

पंख्याकडे वळू. जुन्या जीपमध्ये तो पट्ट्यानं थेट इंजिनाला बांधलेला. पाण्यात बुडाला की दोन उद्योग करतो: सगळ्या बॉनेटखाली पाणी उडवतो, आणि पाणी कापताना त्याची पाती पुढे वाकून रेडिएटर सोलून काढतात. यावर काही जण इलेक्ट्रिक पंखा बसवून डॅशबोर्डवर बटण ठेवतात. काही जण काठावर पट्टा सैल करतात. मग पाण्याचा पंपही थांबतो, त्यामुळे ही सोय चार-दोन मिनिटांपुरतीच. सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे ग्रिलवर ताडपत्री बांधणं. गाडी माणसाच्या चालीनं, ताशी चार-पाच किलोमीटरनं, एका लयीत गेली की तिच्या पुढे पाण्याचा कमानदार ढीग तयार होतो आणि त्याच्या मागे, नेमकं बॉनेटखाली, पातळी खाली बसते. ताडपत्री हा खड्डा टिकवून धरते. थांबलं की तो भरतो. घाईनं घुसलं की पाणी बॉनेटवरून येतं. सिनेमात आणि जाहिरातीत दोन्हीकडे कारंजी उडवत जाणारी गाडी दिसते ती फक्त घोटाभर पाण्यात.

सायलेन्सरची लोकांना उगाच भीती वाटते. मीटरभर खोलीला पाण्याचा जादा दाब भरतो चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅम. चालू इंजिन तेवढा सहज ढकलतं. भीती आहे ती इंजिन बंद पडण्याची. क्लच मात्र जपावा लागतो: फोर-लोमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर काठावरच टाकायचा आणि पार होईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. प्लेट सुटली की तिच्यात पाणी शिरतं. जुन्या लँड रोव्हरमध्ये फ्लायव्हीलच्या घराला खाली एक भोक आणि त्यासाठी आटा असलेला खास बूच असतो. तो पाण्याआधी लावायचा आणि नंतर आठवणीनं काढायचा, कारण ते भोक गळलेलं तेल बाहेर जावं म्हणून आहे; बूच तसाच राहिला तर तेल क्लचवर साचतं.

इथवर गाडी तयार झाली. नदीला मात्र हे काही कळवलेलं नसतं.

जुन्या जीपचं वजन धरा १३०० किलो. तळ साधारण दीड मीटर रुंद, तीन मीटर लांब. पाणी तळाच्या वीस सेंटिमीटर वर आलं आणि आत शिरलं नाही, तर गाडीला वर उचलणारा जोर ९०० किलोंचा. चाकांवर उरले ४००. गोट्यांच्या ओल्या तळावर त्यातला निम्माच पकडीला उपयोगी पडतो असं समजा, म्हणजे २०० किलो. आता बाजूनं येणारा प्रवाह. दोन चौरस मीटर पत्र्यावर सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी शंभर-सव्वाशे किलोंचा जोर लावतं, जीप टिकते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, साडेचारशेच्या वर. जीप गेली. इंजिन व्यवस्थित चालू असतं, स्नॉर्केल हवा घेत असतो, सगळे ब्रीदर कोरडे असतात आणि गाडी वाहत असते. अमेरिकेची हवामान सेवा लोकांना सांगते की फूटभर वाहतं पाणी छोटी मोटार नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी जीपवर्गातल्या बहुतेक गाड्याही.

म्हणूनच दारं नसलेली, तळाला भोकं असलेली जुनी जीप इथे नव्या, घट्ट बंद गाडीपेक्षा शहाणी ठरते. पाणी आत आलं की उचल कमी होते, चाकं तळ धरतात. सीट भिजली तर भिजू द्यावी. दारं-काचा बंद असण्याचा दुसरा धोका २६ जुलै २००५ ला मुंबईनं पाहिला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि बंद मोटारींत अडकून माणसं दगावली. विजेच्या काचा आणि कुलपं पाण्यात साथ देतीलच असं नाही.

नदीचा उतार आधी चालून बघावा, हा जगभरचा नियम. काठी घेऊन, गुडघ्यावर जोर येतो का ते पाहत. चालून जाता येत नाही तिथून गाडी न्यायची नाही. ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कमध्ये मात्र नद्यांत मगरी, त्यामुळे तिथे हा नियम पाळायलाही धीर लागतो. तिथल्या जुन्या तारायंत्राच्या वाटेवरचा नोलन्स ब्रूक हा ओढा गाड्या बुडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. आइसलंडमध्ये हिमनदीचं पाणी दुपारी चढतं, म्हणून जाणते लोक सकाळी पार होतात. तिथल्या जीपांना लावतात ती अवाढव्य फुगीर चाकं बर्फासाठी उत्तम, पण पाण्यात तीच गाडी उचलायला मदत करतात. सह्याद्रीत घड्याळ वेगळं. तुमच्यासमोरचा ओढा निवळशंख असतो आणि वर घाटमाथ्यावर तासाभरापूर्वी कोसळलेला पाऊस वाटेत असतो. पाणी गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा येऊ लागला की मागे फिरायचं. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे त्याच ओढ्यांतून वर जातात; निव्वळ रीळ काढण्यासाठी तिथे चार वेळा गाडी घुमवणाऱ्याला गावानं अडवलं तर गावाचं चुकत नाही.

कायद्याचंही एक कलम आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेला धरून नसलेला बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठासून सांगितलं. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्केल घेऊन येते, ७०० मिलिमीटर पाण्याची हमी तिच्या माहितीपत्रकात असते. नव्या थारची ६५०. जुन्या जीपवर उंच पाइप, मोठी चाकं लावण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. विम्याचंही वाचून ठेवावं: इंजिनात पाणी ओढलं जाऊन झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम विकत घ्यावं लागतं.

पार झाल्यावरचं काम कंटाळवाणं, म्हणून राहून जातं. चारही ड्रममध्ये पाणी असतं. हलका पाय ठेवून थोडं चालवलं की ते वाळतं, पण आतला गाळ लायनर खात राहतो, तेव्हा ड्रम उतरवून धुवायचे. चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस बदलायचं. प्रत्येक घराचा तेलाचा बूच रात्रभर गाडी उभी राहिल्यावर किंचित सैल करून पाहायचा. पाणी तेलाहून जड, तळाशी बसलेलं असतं, बूच सैल होताच आधी तेच टपकतं.

जुनी जीप विकत घेतानाही हाच बूच आधी बघावा. विकणारा स्नॉर्केल दाखवेल, मोठे टायर दाखवेल, कुठल्या कुठल्या नदीत गाडी घातली ते फोटो दाखवेल. त्याला मागच्या डिफरन्शियलचा बूच उघडायला सांगायचं. तेल पांढुरकं निघालं तर किंमत पाडून मागायची, आणि पुढच्या डिफरन्शियलचा, गिअरबॉक्सचा, ट्रान्सफर केसचा बूचही लगेच उघडायला लावायचा.